जीभ दाखव

एस्तेरमावशींनी माझं नाव विचारायच्या आधी माझी जीभ बघितली. मिशनच्या वसतिगृहात परदेशातून आलेल्या मुलांना मराठी शिकवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी चौकशीला गेले होते. इस्त्रीची साडी, पिशवीत बी.ए.चं सर्टिफिकेट. व्हरांड्यात एक ठेंगणी, सावळी बाई चप्पल-बुटांच्या ढिगापुढे उकिडवी बसून एकेक बूट उलटा करून झटकत होती. माझ्याकडे बघून ती उठली. "डोळे पिवळट दिसतात तुझे. जीभ दाखव." मी बावळटासारखी दाखवली. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, नीट बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. जा." आत ऑफिस होतं. तिथं माझं सर्टिफिकेट कोणी बघितलंच नाही.

आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादचं, माळ्याचं. कोथिंबीर, शेपू, झेंडू. मी मिशनमध्ये शिकवायला जाते म्हटल्यावर काका म्हणाले, "बाटवतील तुला." मी म्हटलं, मी त्यांना शिकवणार आहे, ते मला नाही. पण सांगायची गोष्ट अशी की पुढची आठ-दहा वर्षं मला तिथं कोणी धर्माचं विचारलं नाही. जिभेचं मात्र रोज विचारलं.

दरवर्षी दिवाळी उलटली की नॉर्वेहून पाच-सहा मुलंमुली यायची. मिशन त्यांना 'इंटर्न' म्हणायचं, आजूबाजूचे लोक 'गोरी पोरं'. विशी-बाविशीची, आईबापांना सोडून पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली. वसतिगृहातल्या मुलांना शिकवायचं, भिंती रंगवायच्या आणि दर गुरुवारी जीपमधून पेठकडच्या पाड्यांवर दवाखाना घेऊन जायचं, असं त्यांचं काम. मार्चमध्ये परत. मावशी निवृत्त नर्स, त्यांच्यावर या मुलांची जबाबदारी. "परदेशात सेवा करायला आलीत म्हणे," मावशी सांगायच्या. "सेवा कसली, यांची सेवा मी करते. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, मी यांचे बूट झटकते."

बूट झटकायच्या ते विंचवासाठी. पाणी दोनदा उकळायच्या, कारण एकदा उकळलेलं कोणी मध्येच उघडून बघितलं असेल तर? द्राक्षं लाल औषधाच्या पाण्यात इतका वेळ ठेवायच्या की त्यांना औषधाचाच वास यायचा. एकदा पिंपळगावकडचा एक ओळखीचा शेतकरी स्वतः पेटी घेऊन आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत घड त्या लाल पाण्यात बुडाले. तो म्हणाला, "मावशी, हीच द्राक्षं बोटीनं यांच्या देशात जात्यात. तिकडं ही पोरं नुसत्या नळाखाली धरून खात्यात." मावशी म्हणाल्या, "तिकडं यांची आई असते. इथं मी आहे."

मावशींचं बालपण मनमाडच्या रेल्वे कॉलनीत गेलेलं, वडील गार्ड. तरी यांचा एकाही गाडीवर विश्वास नव्हता. दुपारच्या गाडीसाठी सकाळी नाश्ता झाला की स्टेशनवर. फोन वाजला की दोन पावलं मागे सरायच्या, छातीवर हात ठेवायच्या, मग उचलायच्या. त्या काळजीचा मला कधी कधी राग यायचा. माझ्या वर्गात मुलं 'माझे नाव' पर्यंत पोचायच्या आधी 'जीभ दाखव' शिकायची. सकाळी प्रार्थनेनंतर रांग लागायची, मावशी एकेकाची हनुवटी धरून बघायच्या आणि "ठीक आहे. जा," असं म्हणाल्याशिवाय कोणी फाटकाबाहेर पडत नसे. मुलं आपापसात एकमेकांना जीभ दाखवून हसायची. मावशींनाही ते ठाऊक होतं. "हसा," म्हणायच्या. "हसणाऱ्याची जीभ चांगली दिसते."

आणि रांगेतल्या प्रत्येकाला, रोज, न चुकता एक वाक्य. "मला सगळं सांगत जा. देवाला नाही सांगितलं तरी चालेल, त्याला कळतं. मला कळत नाही."

मुलं आली की पहिल्याच दिवशी त्या मोठ्यांदा प्रार्थना करायच्या, की जशी आली तशी परत जाऊ देत. बस. बाकी सेवा, शिकवणं, पाडे, सगळं त्यापुढे किरकोळ. दरवर्षी मुंबईपर्यंत स्वतः पोचवायला जायच्या, आणि मुलं घरी पोचल्याचा फोन आला की दिवसभर झोपायच्या.

योहान आला ते माझं दुसरं वर्ष असेल. त्याचं खरं नाव याच्या जवळपासचंच काहीतरी होतं, पण मावशींनी आल्याआल्या "हा आमचाच, मनमाडचा," म्हणून योहान करून टाकलं. ताडमाड उंच, लाजरा, शिकायला हुशार. मराठीत त्याला एक शब्दप्रयोग फार आवडायचा, 'काही नाही'. तो मीच शिकवला होता. जेवणात काय आवडलं नाही? काही नाही. का हसतोस? काही नाही. इतका छान म्हणायचा की वाटावं पोरगं पंचवटीत वाढलं.

वसतिगृहामागे उकिरड्याजवळ एक कुत्री व्याली होती. योहान रोज आपल्या पोळीतला तुकडा घेऊन तिकडे जायचा. आपल्याकडे पिल्लांना कोणी उचलून गालाला लावत नाही, तिकडे लावतात. मावशींनी दोनदा हटकलं. त्यानं "हो मावशी" म्हटलं आणि जात राहिला. एकदा त्याच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता. मावशींनी विचारलं. "काही नाही. खिळा." त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जीभ बघितली, ठीक आहे, जा.

त्याला खरं बोलायची भीती का वाटली ते आम्हांला नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. वसतिगृहातल्या पोरांनी त्याला सांगितलं होतं की कुत्रं चावलं की पोटात इंजेक्शनं देतात, ही एवढी लांब सुई, आणि मग नगरपालिकेचे लोक येऊन पिल्लं मारून टाकतात. तो स्वतःच्या पोटासाठी घाबरला की पिल्लांसाठी, ते देव जाणे. मार्चमध्ये तो इतरांबरोबर हसत परत गेला. मे महिन्यात फोन आला. मी तेव्हा ऑफिसात होते. मावशींनी फोन उचलला, बराच वेळ नुसतं ऐकलं, ठेवला, आणि व्हरांड्यात जाऊन रिकाम्या चप्पलस्टँडपुढे बसल्या.

"मी रोज जीभ बघत होते," त्या म्हणाल्या. "जिभेवरून कुत्रं कळत नाही, लता."

योहान तिकडे घरी रेबीजनं गेला होता. मावशींना कोणी दोष दिला नाही. त्याच्या आईनं तर उलट मावशींचे आभार मानले म्हणे, मुलगा तुमच्याबद्दल फार बोलायचा म्हणून. ते ऐकून त्या आणखीच खचल्या. मला वाटलं होतं की आता या काम सोडतील. दिवाळी झाली, नवीन मुलं आली आणि मावशी फाटकापाशी हजर. काखेत एक काळी छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कायम. कुत्र्यांसाठी. आणि एक बदल झाला. कुणी 'काही नाही' म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी ते दोन शब्द माझ्या धड्यातून काढून टाकले. पण पोरं कुठूनही शिकतातच.

हन्ना आली ती बऱ्याच वर्षांनी. मोबाईल तेव्हा नुकते येत होते आणि मावशींच्या जिवाला नवीन घोर लागला होता, रेंज नसली तर काय. हन्ना दिसायला नाजूक आणि आतून हट्टी. पहाटे उठून एकटीच प्रार्थना करायची. मावशींना ती आवडायची आणि तिचीच त्यांना सगळ्यांत जास्त धास्ती होती. "फार भाविक आहे," मला म्हणायच्या. "भाविक माणूस स्वतःला जपत नाही."

पेठच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर आमचा गुरुवारचा दवाखाना असायचा, ठकीआजीच्या ओसरीवर. सुट्टी असली की मीही जायची, बोलणं समजावून द्यायला. त्या दिवसांत आजीच्या नातवाला ताप होता, उतरायचा नि पुन्हा चढायचा. मावशींनी औषध दिलं होतं, पण काळजी होतीच. त्या गुरुवारी आजीनं आमच्यासाठी कोंबडं कापलं होतं. नागलीच्या भाकरी, झणझणीत रस्सा. ज्या घरात दोन वेळची चूल पेटायची मारामार, तिथं कोंबडं म्हणजे काय ते मला कळत होतं.

सगळे जेवायला बसले. हन्ना नाही बसली. हात जोडून, हसून म्हणाली, "नको, आजी."

आजीला वाटलं लाजतेय. ताट पुढे केलं. "नको."

"का गं? तिखट हाय का?"

"काही नाही."

मावशींच्या हातातला घास तसाच राहिला. आजीनं ताट खाली ठेवलं. तिची सून चुलीपुढून उठून दारात आली. जीपवाला भिका खाली मान घालून भाकरी मोडत होता, तो हळूच म्हणाला, "आमच्या हातचं खायाची नाय ती, आजी. ऱ्हाऊ दे." तो त्याच बाजूचा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, सवय होती, आणि ते मला जास्त लागलं. इतक्या वर्षांत मावशींनी त्या पाड्यावर जे काही जोडलं होतं ते त्या एका ताटापाशी मोडतंय असं मला वाटलं.

मावशींना मात्र ते ऐकूच गेलं नसावं. त्या हन्नाकडे बघत होत्या. "जीभ दाखव." हन्नानं दाखवली. कोरडी, पांढरी. "काय होतंय?" "काही नाही, मावशी." "कुठं लागलंय? काही चावलंय?" "काही नाही." मुलगी ओसरीवरून उठली, उन्हात दोन पावलं गेली आणि खाली कोसळली.

मावशींना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पळताना बघितलं. वयाच्या साठीत. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी ओढून बघितली, मग तिचे बूट ओढून काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय, घोटे, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरं सगळं बोटांनी चाचपत सुटल्या. साप, कुत्रं, विंचू, कशाचा तरी दात शोधत होत्या. तोंडानं नुसतं "सांग गं, सांग गं मला." मी पाणी आणलं, ते हन्नाच्या तोंडावर मारलं. तिनं डोळे उघडले. पाणी ओठांशी नेलं तर तोंड फिरवलं.

"उपास," ती म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. तिनं काल रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नव्हतं. आजीच्या नातवाचा ताप उतरावा म्हणून. आणि सांगितलं का नाही? कारण बायबलात तसं वचन आहे, ती म्हणाली. उपास करताना तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, लोकांना कळू देऊ नये. खरंच तिचे पिवळे केस त्या दिवशी तेलानं चपचपीत होते. मला वाटलं होतं आपल्या मुलींचं बघून हौस केली असेल.

मी ते सगळं आजीला सांगितलं. आजीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बये, मंग सांगाया काय झालं व्हतं? आमी काय उपास करीत नाय? भगर शिजवली असती. शेंगदानं दिलं असतं." सून हसायला लागली, भिका हसायला लागला. आजी खाली बसून हन्नाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या नातवासाठी उपाशी ऱ्हायली, आन् माझ्याच दारात पडली." मग तिनं गुळाचं पाणी केलं आणि मांडीवर बसवून पाजावं तसं पाजलं. हन्नाला उपासात गूळ कसा चालतो ते समजेना. मी म्हटलं, आमच्याकडे उपासाला इतकं चालतं की जेवण परवडलं.

सगळे हसत होते. मावशी नाही. त्या हन्नाचे मोजे हातात घेऊन बसल्या होत्या. जीप निघाल्यावर बोलल्या, इंग्रजीत नाही, मराठीत, सावकाश, तिला एकेक शब्द कळावा म्हणून.

"ते वचन मला माहीत आहे. ते दाखवणाऱ्यांसाठी आहे. तू दाखवणारी नाहीस. तू मला सांगायचं. आणि लोकांना सांगायचं असलं तरी इथं सोपं आहे. या देशात 'उपास आहे' म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. ताट उचलून नेतात. देवळातला बडवा असो नाहीतर आमचा पाळक, कोणी विचारत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी आज मेले होते."

नातवाचा ताप पुढच्या आठवड्यात उतरला. औषधानं की उपासानं, हा वाद भिका आणि हन्ना जीपमध्ये पुढचे सगळे गुरुवार घालत होते.

हन्ना पुन्हा आली, दोन वर्षांनी, नव्या मुलांची पुढारी म्हणून. त्या हिवाळ्यात मावशी मला बारीक वाटल्या. फेब्रुवारीत तर ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. डबा उघडायच्या, पोरांना वाढायच्या, स्वतः पेल्यातून घोट घोट काहीतरी घ्यायच्या. मी म्हटलं, मावशी, जेवत का नाही? "लेंट आहे ना," म्हणाल्या. ईस्टरच्या आधीचे ते त्यांचे उपासाचे दिवस. "या वर्षी कडक धरलाय." माझी आई श्रावण असाच धरते, सोमवारी पाण्याचा घोटही मोजून. मी मान डोलावली आणि वर म्हटलं, जपून करा.

मुलांची परत जायची वेळ झाली. त्या वर्षी पहिल्यांदाच मावशी मुंबईला निघाल्या नाहीत. मनमाडला भाचीचं लग्न आहे म्हणाल्या. नाशिक रोडला मात्र आल्या, आणि नेहमीसारखं गाडीच्या कितीतरी आधी आम्हां सगळ्यांना फलाटावर आणून बसवलं. छत्री काखेत. पण मावशी वेगळ्याच दिसत होत्या. एरवी केस भुरभुरलेले, पदर कुठेतरी खोचलेला. त्या दिवशी तोंड स्वच्छ धुतलेलं, थोडी पावडर, केस तेल लावून चापून बसवलेले, नवी साडी. पोरं म्हणाली, मावशी, तुमचंच लग्न आहे का? त्या लाजल्या.

गाडी आली. एकेकाची हनुवटी धरून मावशींनी शेवटची तपासणी केली, ठीक आहे, जा. ठीक आहे, जा. हन्ना सगळ्यांत शेवटी होती. तिची झाल्यावर तिनंच मावशींची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "आता तुम्ही. जीभ दाखव."

मावशी हसल्या. ओठ मिटूनच. तिचा हात बाजूला केला, गालावर चापट मारली. "चल, गाडी सुटेल." गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.

नंतर मी चहा-वडा घेऊ या म्हटलं. "उपास आहे माझा," मावशी म्हणाल्या. मी एकटीनं चहा घेतला. पुढे विचारलं नाही.

ईस्टर झाला आणि मावशींचा उपास सुटला नाही. मनमाडला लग्न वगैरे काही नव्हतं, त्या तपासणीसाठी दवाखान्यात दाखल झाल्या होत्या. अन्ननलिकेत गाठ होती. कित्येक दिवसांपासून घास उतरत नव्हता आणि त्या नर्स होत्या, त्यांना दिवाळीतच कळलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा मे महिन्याचं ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मावशी चादरीखाली जवळजवळ दिसतच नव्हत्या. मी भांडायलाच गेले होते. म्हटलं, "आम्हांला सगळं सांगा म्हणून जन्मभर मागे लागलात आणि स्वतः?"

त्यांचा आवाज फुटत नव्हता. मी कान जवळ नेला. "तुला सांगितलं असतं तर तू हन्नाला सांगितलं असतंस. ती गाडीत बसली नसती." दम घेऊन पुन्हा म्हणाल्या, "पोचली का सगळी?"

"पोचली मावशी. कधीच पोचली. सगळ्यांचे फोन आले."

"जशी आली तशी?"

"जशी आली तशी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मी पिशवी उचलली तर त्यांनी माझं मनगट धरलं. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. सुकलेली, पांढरी. तशीच काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

मला त्यातलं काय कळतं? पण मी त्यांची हनुवटी धरली. खिडकीतल्या उजेडाकडे वळवली, त्या बघायच्या तितका वेळ नीट बघितलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "जा."